आख बदलण्याआधी

बैलगाडीची दोन चाकं ज्या आडव्या दांड्यावर फिरतात, त्याला आमच्या भागात आख म्हणतात. पुस्तकी मराठीत आस. या दुसऱ्या शब्दाला इच्छेचाही अर्थ आहे आणि कवितेत दोन्ही अर्थ एकाच ओळीत बसवायचा मोह कुणालाही होईल. तो मोह मी आवरतो, कारण आज बोलायचं आहे ते खऱ्या लोखंडी आखाविषयी. एका जुन्या पिकअप गाडीच्या पुढच्या चाकांची सगळी मांडणी काढून तिथे एकसंध, सरळ आख बसवायचा बेत चालला आहे. गाडी १९८८ सालची टोयोटा. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह. ती आहे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात, आणि तिचा मालक माझा भाचा आहे.

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं तुम्ही म्हणाल. कारणं दोन. आमचे अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि सुटीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये गावातल्या जीपगाड्या उघडायचे. दिवा धरणं, पाने पुरवणं आणि बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन ठेवणं ही कामं माझ्याकडे. दुसरं कारण माझी थोरली बहीण. आपा मुलाकडे राहते. तिने फोनवर सांगितलं, "चांगली चालती गाडी कापायला निघालाय हा. पोरगी रोज त्याच्या शेजारी बसून शाळेत जाते. तुझं ऐकतो तो, सांग जरा." मी भाच्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "मामू, आधी ऐकून तर घ्या." ऐकता ऐकता चार महिने झाले. गाडीला अजून करवत लागलेली नाही.

आधी मुळात फरक काय, ते पाहू. आपण रस्त्यावर पाहतो त्या बहुतेक मोटारींची पुढची दोन चाकं एकमेकांपासून मोकळी असतात. डावं चाक खड्ड्यात गेलं, तर उजव्याला त्याची खबर नसते. प्रत्येक चाक आपापल्या बाहूवर वरखाली होतं. याला इंडिपेंडंट सस्पेन्शन म्हणतात. सरळ आखाच्या गाडीत दोन्ही चाकं एकाच पोलादी नळीच्या टोकांना असतात, तराजूच्या दांडीसारखी. एक पारडं वर गेलं की दुसरं खाली जातं. रस्त्यावर हा दोष ठरतो, कारण एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यापर्यंत पोचतो आणि वर तो जड आख नाचत राहतो. पण दगडधोंड्यांच्या वाटेवर हाच गुण होतो. एक चाक मोठ्या दगडावर चढलं की दुसरं आपोआप जमिनीकडे दाबलं जातं, आणि जमिनीला टेकलेलं चाकच गाडी ओढतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती पटकन लक्षात येत नाही. दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा जो गोल पेटारा असतो, डिफरन्शिअल, ज्याला गॅरेजात नुसतं गोळा म्हणतात, तो इंडिपेंडंट मांडणीत चासीला बोल्टने जखडलेला असतो. गाडी आपटून खाली बसली की तोही दगडाच्या जवळ येतो. सरळ आखात गोळा चाकांबरोबरच राहतो. त्याच्याखालची मोकळी जागा चाकाच्या उंचीवर ठरते, गाडी कितीही दबली तरी तेवढीच राहते. मात्र इथे एक साधा हिशेब विसरू नये. चाक चार इंचांनी मोठं केलं, तर आख दोनच इंच वर जातो, चार नव्हे. व्यास आणि त्रिज्या यांची शाळेतली गाठ इथे पैसे वाचवते.

टोयोटाने अमेरिकेत फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप विकायला १९७९ साली सुरुवात केली. १९८५ पर्यंतच्या त्या गाड्यांना पुढे सरळ आख आणि कमानपाटे होते. १९८६ च्या मॉडेलपासून कंपनीने अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी मांडणी बदलली. पुढची चाकं मोकळी झाली आणि कमानपाट्यांच्या जागी पीळ खाणाऱ्या पोलादी सळया, म्हणजे टॉर्शन बार, आल्या. कारण उघड होतं. लोक पिकअप घेऊन कामावर जाऊ लागले होते, हायवेवर तासाला साठ-सत्तर मैलांनी धावत होते, आणि त्यांना धक्के नको होते. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतल्या खडतर वाटांसाठी हीच गाडी, हायलक्स या नावाने, १९९७ पर्यंत सरळ आखासह मिळत होती. म्हणजे कंपनीने जुनी विद्या टाकून दिली नव्हती. रस्ता बघून माल दिला होता.

आता भाच्याचा रस्ता कोणता? सॅक्रामेंटोच्या पूर्वेला सिएरा नेवाडाचे डोंगर आहेत आणि तिथून लेक टाहोकडे जाणारी रुबिकॉन ट्रेल नावाची वाट आहे. साधारण बावीस मैल, जागोजागी मोटारीच्या चाकाएवढे ग्रॅनाइटचे धोंडे. १९५३ पासून तिथे जीपवाल्यांचा मेळा भरतो. जीप कंपनीने पुढे आपल्या एका मॉडेललाच तिचं नाव दिलं. भाचा मित्रांबरोबर वर्षातून दोनदा तिथे जातो. दर खेपेला त्याच्या गाडीचं पुढचं काहीतरी मोडतं. कधी बाहेरचा शाफ्ट, कधी स्टिअरिंगचा मधला दांडा. म्हणून तिथले हौशी लोक १९८६ नंतरच्या पिकअपला पुन्हा १९८५ च्या आधीचा आख बसवतात. सॉलिड ॲक्सल स्वॅप, असं त्यांचं त्याला नाव.

वर्षातून दोनदा डोंगर आणि दोनशे वेळा शाळा. मी त्याला पहिला प्रश्न हाच विचारला आणि माझ्या मते सगळ्या बेताचा पाया हाच आहे. गाडी नेमकी कशासाठी? कारण पुढचा प्रत्येक निर्णय, म्हणजे चाकाचा आकार, उंची, गिअरचं गुणोत्तर, स्टिअरिंगचा कोन, या उत्तराला बांधलेला आहे. फक्त दगडांवर चालवायची गाडी ट्रेलरवर घालून नेता येते. ती रस्त्यावर थोडी भरकटली तरी चालते. शेजारी लेक बसणार असेल, तर नाही चालत. त्याचं पहिलं स्वप्न होतं पस्तीस इंची चाकांचं. आज त्याच्या गाडीला एकतीस इंची आहेत. महिनाभराच्या आकडेमोडीनंतर बेत तेहतीसवर आला. मित्रांनी त्याची टिंगल केली म्हणे. करू देत.

या आकडेमोडीत सगळ्यात आधी येतो आख निवडायचा प्रश्न. वरवर वाटतं, भंगारात जावं आणि मिळेल तो मजबूत आख उचलावा. अमेरिकेत जुन्या जीप, फोर्ड, शेव्हरोले यांचे डाना ४४ नावाचे आख पुष्कळ मिळतात आणि ते दणकट असतात. पण गोळा आखाच्या बरोबर मध्यावर नसतो, तो एका बाजूला असतो. गाडीच्या ट्रान्सफर केसमधून पुढे येणारा प्रोपेलर शाफ्ट ज्या बाजूने निघतो, गोळा त्याच बाजूला हवा. बाजू चुकली की तो आख कितीही भारी असो, तुमच्या कामाचा नाही. १९७९ ते ८५ च्या टोयोटाच्या आखाचा गोळा आणि १९८८ च्या गाडीचा शाफ्ट, दोन्ही उजव्या अंगाला. म्हणून भाच्याने टोयोटाचाच जुना आख घेतला.

बाजू जुळली, रुंदी जुळली नाही. १९८६ नंतरच्या गाड्या सुमारे तीन इंच रुंद झाल्या, मागचा आखसुद्धा. जुना आख तसाच बसवला तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा आत राहणार. त्यावर तिथला रुळलेला तोडगा असा, की जुन्या आखाच्या टोकांना नव्या गाडीचे हब बसवायचे. दर बाजूला साधारण दीड इंच परत मिळतो. पण हब बदलला की ब्रेकची चकती सरकते, चकती सरकली की कॅलिपर जुळत नाही. म्हणजे रुंदीचा प्रश्न पाहता पाहता ब्रेकचा प्रश्न होऊन बसतो. अब्बांच्या शेडमध्ये मी हेच पाहिलं होतं. स्वतःपुरता एकटा असा भाग गाडीत नसतो.

मग गुणोत्तर. गोळ्याच्या आत एक मोठं दातेरी चक्र असतं, क्राउन, आणि त्याला फिरवणारं छोटं, पिनियन. क्राउनला ४१ दात आणि पिनियनला १० असतील तर गुणोत्तर ४.१०, पिनियनला ९ असतील तर ४.५६. भाच्याच्या गाडीचं ४.१० आहे. चाक मोठं केलं की इंजिनाला ते फिरवायला जास्त जोर लागतो, गाडी चढावर धापा टाकते. एकतीसची तेहतीस केली तर पूर्वीचा जोर टिकवण्यासाठी ४.१० गुणिले ३३ भागिले ३१, म्हणजे ४.३६ च्या आसपास हवं. सहज मिळणारं त्याच्या वरचं ४.५६. डोंगरासाठी थोडं वर असलेलं बरंच. पण हा खर्च एका गोळ्याचा नाही. पुढचं आणि मागचं गुणोत्तर तंतोतंत एकच लागतं. फोर-व्हील ड्राइव्ह लावल्यावर ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरवते. पुढची चाकं एका हिशेबाने आणि मागची दुसऱ्या हिशेबाने फिरू लागली, तर कोरड्या कडक जमिनीवर सगळी यंत्रणा पिळली जाते आणि जो भाग अशक्त असेल तो तुटतो. भंगारातून आणलेल्या आखाचं गुणोत्तर विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर घेऊ नये. झाकण उघडून दात मोजावेत. जाता जाता, स्पीडोमीटरसुद्धा बदलतो. तेहतीस इंची चाकं आणि ४.५६ या जोडीला त्याच्या गाडीचा काटा खऱ्यापेक्षा साडेचार टक्क्यांच्या आसपास जास्त वेग दाखवेल. नुसती चाकं मोठी केली असती तर कमी दाखवला असता, आणि ते पोलिसांना पटवून देणं कठीण गेलं असतं.

आता ज्या भागाने मला सगळ्यात जास्त गुंतवलं, तो सांगतो. यात पैशापेक्षा अक्कल जास्त लागते.

सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो सरळ उभा नसतो, वरून मागे कललेला असतो. त्या कलामुळेच चालत्या सायकलचं हँडल सैल सोडलं तरी चाक सरळ राहू पाहतं. मोटारीतही पुढचं चाक ज्या उभ्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष वरच्या बाजूने थोडा मागे कललेला ठेवतात. याला कॅस्टर म्हणतात. खेळ दोन-चार अंशांचाच आहे. पण वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येतं ते यामुळे. कल कमी पडला की गाडी हायवेवर डोलत चालते, ड्रायव्हरला सारखं सावरावं लागतं.

दुसरीकडे, सरळ आख बसवला की गाडी उंच होते. आख धक्क्यासरशी वर येणार, त्याच्या वर इंजिनाचा तेलाचा पॅन आहे, त्यामुळे मध्ये जागा सोडावीच लागते. गाडी उंच झाली की ट्रान्सफर केसमधून गोळ्याकडे उतरणारा शाफ्ट जास्त तिरपा होतो आणि त्याच्या सांध्यांवर ताण येतो. तो ताण कमी करायचा सोपा उपाय म्हणजे आख थोडा फिरवून गोळ्याचं नाक, म्हणजे पिनियनचं तोंड, वर करणं. शाफ्ट खूश. पण पिनियनचं तोंड मागच्या बाजूला आहे. ते वर उचललं की आखाचा माथा पुढे झुकतो आणि त्याच्या टोकांना असलेले वळायचे अक्षही पुढे झुकतात. म्हणजे कॅस्टर गेला. शाफ्टसाठी जे भलं, ते स्टिअरिंगसाठी वाईट.

यातून सुटका एकच. आखाच्या दोन्ही टोकांना असलेले वळणाचे गोलक कापायचे, हवे तेवढे अंश फिरवायचे आणि पुन्हा वेल्ड करायचे. मग पिनियन वर राहतो आणि कॅस्टरही टिकतो. हे काम बारीक आहे. दोन्ही टोकं सारखी फिरली पाहिजेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. वेल्डिंगच्या उष्णतेने आखाची नळी वाकता कामा नये. हे तो घरी करणार नव्हता, याबद्दल आमच्यात वादच झाला नाही. गाडी फार उंच केली नाही तर हा कापाकापीचा प्रसंग टळूही शकतो, आणि तेहतीस इंची चाकांवर समाधान मानण्याचं हेही एक मोठं कारण. पस्तीसची हौस म्हणजे नुसती चार मोठी चाकं नव्हती. तिच्या मागून उंची, तिरपा शाफ्ट, कापलेले गोलक आणि जड गिअर अशी रांगच होती.

शाफ्टविषयी आणखी एक. आजवर गोळा चासीला जखडलेला होता, त्यामुळे पुढच्या शाफ्टला लांब-आखूड व्हायची फारशी गरज नव्हती. आता आख वरखाली होणार, तर शाफ्टलाही सरकावं लागणार. पुरेसं सरकता आलं नाही तर चाक पूर्ण खाली लोंबलं की शाफ्ट निसटतो आणि पूर्ण वर दाबलं की ट्रान्सफर केसला ढुशी देतो. शाफ्टची लांबी मात्र अगदी शेवटी ठरवायची. आख जागेवर बसून गाडीचं पूर्ण वजन त्यावर आल्याशिवाय घेतलेलं माप म्हणजे अंगात कपडा नसताना शिवलेली बटणं.

स्टिअरिंगच्या बाबतीत भाच्याला नशिबाने साथ दिली. १९८५ पर्यंतच्या गाड्यांत स्टिअरिंग बॉक्सचा हात पुढे-मागे हलून चाक ढकलायचा. चाक वरखाली झालं की तो दांडा स्वतःच चाकाला वळवायचा. ड्रायव्हरने काही न करता गाडी दिशा बदलायची. १९८६ नंतरच्या बॉक्सचा हात आडवा, डावी-उजवीकडे हलतो. त्यामुळे तोच बॉक्स थोडा सरकवून ठेवला आणि आखाच्या टोकांवर उंच स्टिअरिंग आर्म बसवले, तर लांब दांडा गाडीच्या रुंदीत जवळजवळ आडवा येतो. दांडा जितका लांब आणि जितका आडवा, तितकं चाकाच्या वरखाली होण्याने स्टिअरिंग कमी बिघडतं. हे आर्म प्रत्येकी चार स्टडवर बसतात आणि ते स्टड सैल व्हायची खोड आहे. पहिल्या पन्नास मैलांनंतर, मग दर सफरीनंतर ते तपासायचे, हे त्याच्या कागदावर लाल शाईने लिहिलं आहे. लाल शाई माझ्या आग्रहाची.

ब्रेकच्या रबरी नळ्या लांब लागतात, हे कुणीही सांगेल. पण त्या टोयोटात मागच्या बाजूला एक झडप असते, तिचा दांडा मागच्या आखाला जोडलेला असतो. मागे ओझं भरलं की गाडी दबते, दांडा हलतो आणि झडप मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. गाडी रिकामी असली की कमी देते, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. हुशार योजना आहे. आता पुढचा भाग उंच झाला म्हणून मागचाही उंच केला, तर झडपेला वाटतं की गाडी कायम रिकामीच आहे, रिकामीहून रिकामी, आणि ती मागचे ब्रेक कायमचे मंद ठेवते. दांड्याचं टोकही तेवढंच उचलून बांधलं पाहिजे. एका छोट्या पट्टीचं काम. विसरलं तर शाळेच्या वाटेवर लाल दिव्यापाशी कळेल.

कापायचा दिवस येईल तेव्हा परतीचा रस्ता नाही. जुन्या मांडणीचे लोखंडी खांदे चासीवरून कापले की ती गाडी पहिल्यासारखी होत नाही. म्हणून कापण्याआधी मोजायचं. अब्बा कुठलाही आख सोडवण्याआधी शेडच्या भिंतीवर खडूने मापं लिहायचे, आणि ती मापं वर्षानुवर्षं तिथेच राहायची, कुणाची कुठली गाडी ते विसरलं तरी. चासीच्या मागच्या भागात न हलणारी दोन भोकं निवडायची, तिथून पुढच्या आखाच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर आणि तिरके कर्ण मोजायचे. कर्ण सारखे असतील तरच आख काटकोनात आहे. आधी नुसते टाके मारायचे, पूर्ण वेल्डिंग नाही. मग कमानपाट्यांच्या जुडग्यातला मुख्य पाटा तेवढा ठेवून बाकीचे काढायचे, आणि जॅकने आख पूर्ण वर, पूर्ण खाली, एक बाजू वर आणि दुसरी खाली, असा सगळीकडे हलवून पाहायचा. टायर कुठे घासतो, नळी कुठे ताणली जाते, दांडा कुठे अडतो, ते उभ्या गाडीत आणि भर दिवसा दिसतं. मगच पक्कं वेल्डिंग. बंपरवर दोर ओढायचं विंच लावणार असाल तर त्याचं वजन आधीच धरून कमानपाटे घ्यायचे, नाहीतर नवी गाडी पहिल्याच दिवशी नाक खाली घालून उभी राहते.

हे ऐकून आपल्याकडचा एखादा हौशी वाचक थारकडे बघू लागला असेल, तर त्याला दोन शब्द. भारतात हा उद्योग कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल स्पष्ट आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणी झालेल्या गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न निराळाच. तसं पाहिलं तर आपल्याकडे सरळ आखाची हौस भागवायला कापाकापीची गरज नाही. महिंद्राच्या जुन्या जीप आणि १९८५ पासूनची मारुती जिप्सी, दोन्हींना पुढेमागे सरळ आख आणि कमानपाटे. २०२३ साली आलेल्या जिम्नीलाही सरळच आख आहेत, फक्त कमानपाट्यांच्या जागी गुंडाळी स्प्रिंगा. अब्बांच्या शेडमध्ये जे उघडं पडलेलं असायचं, ते मिळवण्यासाठी माझा भाचा तिकडे एवढी यातायात करतो आहे, हे मात्र मला मनातल्या मनात गंमतीचं वाटतं. कॅलिफोर्नियातही अगदी मोकळं रान नाही बरं का. चासी जमिनीपासून किती उंच असावी, याची तिथे कायद्याने मर्यादा आहे आणि बदलाची कल्पना विमा कंपनीला द्यावी लागते. ही दोन्ही कामं त्याने कागदावर आखाच्याही वर लिहिली आहेत.

खर्चाचं म्हणाल तर भंगारातला आख हा त्यातला लहान आकडा निघाला. कमानपाटे, हँगर, दोन्ही गोळ्यांचे गिअर, शाफ्ट, स्टिअरिंग आर्म, ब्रेक, आणि जुन्या आखाच्या आतली सगळी बेअरिंगं नि सीलं, हे धरून मूळ आखाच्या कितीतरी पट झालं. त्यात त्याने आणखी एक ओळ वाढवली, ती मी सुचवलेली नव्हती. वापरलेली एक साधी छोटी मोटार. काम दोन आठवड्यांचं म्हणून सुरू होतं आणि दोन महिने चालतं, हे त्याने मित्रांच्या गॅरेजात पाहिलं होतं. उद्या शाळेला जायचंय म्हणून रात्री घाईने घट्ट केलेला बोल्ट त्याला नको होता. ती मोटार आली आहे. आपाला ती आवडली, कारण तिच्यात चढायला पायरी लागत नाही.

आख सध्या त्याच्या गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर आहे. टोकांचे गोलक उघडून त्यातलं वर्षानुवर्षांचं काळं ग्रीस त्याने काढलं. आतले सांधे, ज्यांना ते लोक बर्फील्ड म्हणतात, त्यातला डावा झिजलेला निघाला. दोन्ही बाजूंना जास्त मजबूत पोलादाचे नवे मागवले आहेत. गेल्या रविवारी त्याने स्टिअरिंग बॉक्सच्या आसपासची चासी तारेच्या ब्रशने घासली, तेव्हा गंजाखाली केसाएवढी चीर दिसली. फोटो मला पाठवला. मी म्हटलं, चीर जिथे संपते तिथे बारीक भोक पाड, म्हणजे ती पुढे धावणार नाही, आणि वेल्डरला दाखव. तो म्हणाला, वेल्डर शनिवारी येतोय. आधी चीर, मग वर पट्टी, आणि त्यानंतर पुन्हा एकदा सगळे कर्ण मोजायचे.